‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ : संगणक-व्यवस्थापनाच्या श्रमाची कादंबरी – एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

संस्थेतील संगणक यंत्रणेची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम सहसा साहित्याचा विषय होत नाही. जीन किम, केव्हिन बेहर व जॉर्ज स्पॅफर्ड यांची ‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ (२०१३) ही इंग्रजी कादंबरी या कामालाच केंद्रस्थानी आणते. प्रस्तुत लेखात या कादंबरीचे रूप, तिच्यातील श्रमांचे चित्रण व स्वयंचलनाविषयीची तिची भूमिका यांची चिकित्सा केली आहे. ही कादंबरी अदृश्य श्रम दृश्य करते. परंतु ते श्रम करणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज देत नाही, असे मत येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : बोधप्रधान कादंबरी, संगणक-व्यवस्थापन, स्वयंचलन, देखभालीचे श्रम, कौशल्य.

१. प्रस्तावना

आज महाविद्यालयाचा प्रवेश, परीक्षा, वेतन, ग्रंथालय व मूल्यांकन-अहवाल हे सर्व व्यवहार संगणकावर अवलंबून आहेत. हे व्यवहार सुरळीत चालू असतात तोपर्यंत त्यांच्यामागे कोणी माणूस आहे याची जाणीव आपल्याला नसते. प्रस्तुत लेखकाने पूर्वी अध्यापन केलेल्या एका महाविद्यालयात प्रवेशप्रक्रियेच्या ऐन दिवसांत सर्व्हर बंद पडला. सर्व्हरचा पासवर्ड, बॅकअपची जागा आणि यंत्रणा पुन्हा सुरू करण्याचा क्रम या तिन्ही गोष्टी एकाच तंत्रसाहाय्यकाला ठाऊक होत्या, आणि तो वडिलांच्या आजारपणामुळे गावी गेला होता. दीड दिवस विद्यार्थी व पालक रांगेत उभे होते. नंतरच्या बैठकीत त्या साहाय्यकाला कारणे दाखवा नोटीस देण्याची चर्चा झाली. त्याच्या कामाची नोंद संस्थेने कधी ठेवली होती काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. प्रस्तुत लेखकानेही तो विचारला नाही.

पुढे ‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ वाचताना तो न विचारलेला प्रश्न समोर आला. व्यवस्थापनशास्त्र व संगणकशास्त्र या विद्याशाखांत ही कादंबरी बरीच वाचली जाते, परंतु ती ‘उपयुक्त पुस्तक’ म्हणून. कादंबरी म्हणून तिच्याकडे पाहिले तर काय हाती लागते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. कादंबरीचे आशयसूत्र

‘पार्ट्स अनलिमिटेड’ ही मोटारींचे सुटे भाग बनविणारी व विकणारी काल्पनिक अमेरिकन कंपनी आहे. बिल पामर हा तेथील मध्यम स्तरावरील व्यवस्थापक. एका सकाळी त्याला अचानक माहिती-तंत्रज्ञान परिचालन विभागाचा उपाध्यक्ष केले जाते. पहिल्याच दिवशी पगारवाटपाची यंत्रणा बिघडते आणि ताशी वेतनावर काम करणाऱ्या कामगारांची नोंद नष्ट होते. अनेक तासांच्या धावपळीनंतर उलगडा होतो तो असा : सुरक्षा विभागाने कोणालाही न सांगता केलेल्या एका बदलामुळे माहितीचा एक रकाना दूषित झाला होता. बिघाड शोधण्याच्या घाईत इतरांनी केलेल्या उपायांनी गोंधळ आणखी वाढवला होता.

यानंतर ‘फिनिक्स’ हा कंपनीचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प अपुऱ्या तयारीने ग्राहकांसमोर आणला जातो आणि दुकानांतील विक्रीनोंदणीची यंत्रे कोलमडतात. नव्वद दिवसांत सुधारणा न झाल्यास संपूर्ण विभागाचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपविण्याची टांगती तलवार बिलच्या डोक्यावर असते. एरिक रीड नावाचा विक्षिप्त मार्गदर्शक त्याला कारखान्यात नेतो, यंत्रांवरील कामाचा प्रवाह वरून दाखवतो आणि संगणक विभागही याच नियमांनी चालतो असे शिकवतो. कामाचे चार प्रकार (व्यावसायिक प्रकल्प, अंतर्गत तांत्रिक प्रकल्प, बदल व अनियोजित काम) आणि सुधारणेचे तीन मार्ग (प्रवाह, प्रतिसाद व सातत्याने प्रयोगातून शिकणे) हे या शिकवणीचे सार आहे. अखेरीस विभाग सावरतो, कंपनी वाचते आणि बिलची वाटचाल मुख्य परिचालन अधिकारीपदाच्या दिशेने सुरू होते.

३. बोधप्रधान कादंबरीचे रूप

या कादंबरीचा आराखडा स्वतंत्र नाही व लेखकांनीही ते लपविलेले नाही. एलियाहू गोल्डरॅट व जेफ कॉक्स यांच्या ‘द गोल’ (१९८४) या कादंबरीत अ‍ॅलेक्स रोगो या कारखाना-व्यवस्थापकाला कारखाना वाचविण्यासाठी तीन महिन्यांची मुदत मिळते आणि जोना नावाचा गुरू त्याला प्रश्न विचारून मार्गावर आणतो. कोणत्याही व्यवस्थेची एकूण गती तिच्यातील सर्वांत अडणाऱ्या जागेवरून ठरते, हा गोल्डरॅट यांचा सिद्धांत. ‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ हा सिद्धांत कारखान्यातून सर्व्हरच्या खोलीत नेते. मुदत, गुरू, संकटांची मालिका व शेवटचा उद्धार हे सर्व घटक दोन्ही कादंबऱ्यांत समान आहेत.

बोध करण्यासाठी कथा सांगणे हे मराठी वाचकाला अपरिचित नाही. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीतही विधवांची स्थिती दाखविणे हा हेतू आधी ठरलेला आहे आणि कथा त्या हेतूच्या मागून चालते. त्यामुळे केवळ बोधप्रधान आहे म्हणून एखादी कृती कमी प्रतीची ठरविणे न्याय्य होणार नाही. कथेतील माणसे बोधापेक्षा मोठी होतात काय, हा खरा निकष आहे. ‘यमुनापर्यटन’मध्ये सुधारणेच्या युक्तिवादाबरोबरच प्रत्यक्ष दुःख भोगणाऱ्या स्त्रियाही वाचकाला भेटतात. त्यांची हकिगत वाचकाच्या मनात युक्तिवादापेक्षा अधिक काळ टिकते.

या निकषावर प्रस्तुत कादंबरी अंशतःच उतरते. एरिक हे पात्र माणूस कमी व प्रवक्ता अधिक आहे. तो हवा तेव्हा येतो, कोडे घालतो व निघून जातो. सारा मोल्टन ही विक्री विभागाची प्रमुख सतत अडथळे आणणारी म्हणून रंगविली आहे. तिच्या घाईमागे बाजारातील घसरणीचे वास्तव दडपण असते, परंतु लेखक तिला त्या दडपणाची बाजू मांडू देत नाहीत. कथेला खलपात्र हवे होते, ते तिच्या रूपाने मिळाले. याउलट सुरक्षा विभागाचा प्रमुख जॉन पेशे याचे चित्रण उठावदार आहे. आपण वर्षानुवर्षे आग्रहाने राबविलेल्या नियंत्रणांवाचूनही कंपनीचे लेखापरीक्षण पार पडू शकते, कारण चुका पकडण्याची व्यवस्था वित्त विभागात आधीपासून आहे, हे कळल्यावर तो खचतो. आपले काम निरर्थक होते काय, हा प्रश्न पडलेला माणूस येथे खऱ्या अर्थाने दिसतो.

४. अदृश्य श्रमांचे दृश्यीकरण

कादंबरीचे मोठे यश तिच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. संगणक-व्यवस्थापकाचे काम डोळ्यांना दिसत नाही. सुताराच्या दुकानात अपुरी खुर्ची दिसते, शिंप्याकडे न शिवलेले कापड दिसते, परंतु सर्व्हरवर प्रलंबित असलेले काम कोठेही ढीग होऊन पडलेले नसते. त्यामुळे वरिष्ठ अधिकारी आणखी एक काम सहज सांगतात व सांगितले म्हणजे झाले असे समजतात. बिल व त्याची सहकारी पॅटी नियोजित बदलांची नोंद साध्या कार्डांवर करून भिंतीवर लावतात, तो प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. महागडी संगणकीय नोंदप्रणाली कोणी वापरत नसते. कागदाची कार्डे मात्र सर्वजण लिहितात. भिंत भरून जाते आणि विभाग प्रथमच स्वतःचे काम पाहतो.

प्रतीक्षाकाळाचे गणितही याच हेतूने येते. एखादा कर्मचारी किती टक्के वेळ व्यस्त आहे, त्याला तो किती टक्के वेळ मोकळा आहे याने भागले असता त्याच्याकडे कामाला किती थांबावे लागेल याचे प्रमाण मिळते. कर्मचारी ५० टक्के व्यस्त असेल तर हे प्रमाण १ येते, ९० टक्के असेल तर ९ आणि ९९ टक्के असेल तर ९९. प्रतीक्षेचे एकक एक तास मानले आणि ९० टक्के व्यस्त असलेल्या सात जणांच्या हातांतून काम जायचे असेल, तर केवळ थांबण्यातच ६३ तास जातात. रांगांच्या गणितातील हे सर्वांत सोपे सूत्र आहे आणि प्रत्यक्ष कार्यालयात ते तंतोतंत लागू पडेलच असे नाही. तरीही त्यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. कर्मचाऱ्याला क्षणभरही मोकळे न ठेवणे म्हणजे कार्यक्षमता, ही समजूत हे सूत्र खोडून काढते. कार्यभाराचे तास मोजणाऱ्या शिक्षणसंस्थांनीही या मुद्द्याचा विचार करण्यासारखा आहे.

५. ब्रेंट : केंद्रस्थानी असलेला मूक नायक

कादंबरीचे मर्म ब्रेंट या पात्रात आहे. तो विभागातील सर्वांत कुशल अभियंता. कोणतीही यंत्रणा बिघडली की सर्वजण त्याच्याकडे धावतात. त्याने केलेल्या दुरुस्तीची नोंद कोठेही नसते, सर्व ज्ञान त्याच्या डोक्यात असते. तो नसला की प्रकल्प थांबतात आणि तो असला तरी थांबतात, कारण तो सदैव दुसऱ्याच कामात अडकलेला असतो. गोल्डरॅट यांच्या सिद्धांतातील अडणारी जागा येथे यंत्र नसून एक जिवंत माणूस आहे.

बिल यावर उपाय योजतो. ब्रेंटकडे थेट जाण्यास सर्वांना मनाई होते. बिघाड झाल्यास इतर अभियंत्यांनी पुढे व्हायचे, ब्रेंटने केवळ सांगायचे, हात दुसऱ्याचे असायचे व प्रत्येक पायरी लिहून काढायची. पुढे हीच लिखित पायऱ्यांची पद्धत स्वयंचलित केली जाते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा उपाय योग्यच आहे. प्रस्तावनेत सांगितलेल्या महाविद्यालयात अशी एक वही जरी असती तरी दीड दिवसाचा खोळंबा टळला असता.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. कादंबरी प्रथमपुरुषी निवेदनात असून निवेदक बिल आहे. ब्रेंट वाचकाला दिसतो तो वरिष्ठाच्या नजरेतून. आपले ज्ञान आपल्याकडून काढून घेऊन लिहिले जात आहे, उद्या ते यंत्रात जाणार आहे, याविषयी ब्रेंटला काय वाटते? सततच्या बोलावण्यांतून सुटका झाल्याचे समाधान वाटते की आपली गरज संपत असल्याची भीती? कादंबरी पहिल्या शक्यतेला धरून चालते. ब्रेंटला अधिक आवडीचे काम मिळते व तो सुखी होतो. दुसरी शक्यता कथेत पूर्ण ताकदीने येत नाही.

हॅरी ब्रेव्हरमन यांनी ‘लेबर अँड मोनोपॉली कॅपिटल’ (१९७४) या ग्रंथात कामगाराच्या हातातील कौशल्य व्यवस्थापनाकडे कसे जाते याचे विवेचन केले आहे. काम कसे करावे याचे ज्ञान कामगारापासून वेगळे केले की त्याची जागा कोणीही घेऊ शकतो आणि त्याची वाटाघाटीची शक्ती घटते, असा त्यांचा आशय आहे. त्या दृष्टीने पाहता ब्रेंटच्या ज्ञानाची नोंद हा केवळ कार्यक्षमतेचा प्रश्न राहत नाही. विभागावर काम बाहेर देण्याची टांगती तलवार असताना ही नोंद केली जात आहे, ही गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. जे लिहिले गेले ते बाहेर देणेही सोपे होते. हा ताण कादंबरीच्या कथानकात उपस्थित आहे, लेखकांनी तो उचललेला मात्र नाही.

६. स्वयंचलनाची भूमिका व तिची मर्यादा

ज्या चळवळीतून ही कादंबरी आली तिची पार्श्वभूमी येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक संगणकावर हाताने आज्ञा देण्याऐवजी यंत्रणेची अपेक्षित स्थिती फाइलमध्ये लिहून ठेवावी व साधनाने ती सर्व संगणकांवर आणावी, ही कल्पना मार्क बर्जेस यांच्या ‘सीएफइंजिन’ (१९९३) या साधनाने रुजवली. पुढे ‘पपेट’ (२००५) व ‘अ‍ॅन्सिबल’ (२०१२) ही साधने आली. कार्यक्रम लिहिणारे आणि यंत्रणा सांभाळणारे यांच्यातील दरी बुजवावी या विचाराला २००९ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे भरलेल्या संमेलनापासून ‘डेव्हऑप्स’ हे नाव मिळाले. कादंबरीच्या उत्तरार्धात हाच विचार कथारूप घेतो. नव्या बदलाची चाचणी व स्थापना हातांऐवजी यंत्राने, वारंवार व लहान लहान टप्प्यांत करावी, असे तेथे सुचविले आहे.

या भूमिकेला पुष्टी देणारी एक घटना कादंबरी प्रकाशित होण्याच्या काही महिने आधी घडली. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा कार्यक्रम चढविणे राहून गेले. त्या सर्व्हरवरील जुना, वापरातून गेलेला भाग पुन्हा जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. ते काम तपासण्यास दुसरा माणूस नव्हता. हाताने करावयाच्या पुनरावृत्त कामात माणूस चुकणारच, त्यामुळे ते यंत्राने करावे, हा कादंबरीचा युक्तिवाद या घटनेने बळकट होतो.

दुसरी घटना याच्या उलट दिशेची आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची सदोष अद्ययावत फाइल स्वयंचलित मार्गाने जगभर पोहोचली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानसेवा, रुग्णालये व बँका यांना फटका बसला. आपल्याकडील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेण्यात आली होती, परंतु तोवर बंद पडलेले असंख्य संगणक आपोआप सुरू होऊ शकत नव्हते. त्यांतील अनेकांसमोर माणसाने बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढावी लागली. बिघाड यंत्राच्या वेगाने पसरला आणि दुरुस्ती मोठ्या प्रमाणात माणसाच्या हातांनी झाली.

लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये ‘आयरनीज ऑफ ऑटोमेशन’ या शोधनिबंधात हा विरोधाभास फार आधी मांडला होता. स्वयंचलनानंतर माणसाकडे उरते ते यंत्राला न जमलेले, म्हणजे सर्वांत कठीण काम. दैनंदिन सराव नाहीसा झाल्याने त्या कामासाठी लागणारे कौशल्य मात्र क्षीण होत जाते. म्हणून यंत्रणा जितकी प्रगत, तितके माणसाचे योगदान अधिक निर्णायक ठरते. कादंबरीत ब्रेंट हाताने काम करूनच ब्रेंट झाला आहे. सर्व काही स्वयंचलित झालेल्या विभागात पुढचा ब्रेंट कसा घडेल, या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत मिळत नाही. नवीन पिढीच्या प्रशिक्षणाशी निगडित असल्याने शिक्षकांसाठी हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे.

७. मराठी वाचकाचे स्थान

कादंबरीत काम बाहेरच्या कंपनीकडे जाणे हा विनाशाचा समानार्थी शब्द आहे. ते काम ज्याच्याकडे जाईल त्याचा दृष्टिकोन बिलच्या निवेदनात येत नाही, येण्याचे कारणही नाही. परंतु महाराष्ट्रातील वाचक या ठिकाणी थबकतो. पुणे, हिंजवडी, नवी मुंबई येथील हजारो घरे नेमक्या अशाच बाहेर दिलेल्या कामावर उभी आहेत. आपले अनेक माजी विद्यार्थी परदेशातील कंपन्यांचे सर्व्हर रात्रपाळीत सांभाळतात. बिलच्या दृष्टीने जे संकट, ते त्यांच्या दृष्टीने पहिली नोकरी, गृहकर्ज व धाकट्या भावंडांचे शिक्षण होते. आणि आज ज्या पुनरावृत्त कामाच्या स्वयंचलनाचे कादंबरी स्वागत करते, त्याच कामाचा मोठा वाटा या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेला आहे.

यावरून कादंबरी चुकीची ठरते असे नाही, परंतु तिचा ‘आपण’ कोण आहे हे स्पष्ट होते. तिच्यातील सुखान्त एका कंपनीपुरता, एका व्यवस्थापकापुरता आहे. त्या सुखान्ताची किंमत कोठे व कोण देतो, हे तिच्या चौकटीबाहेर राहते. रात्रपाळीत दूरच्या सर्व्हरचा इशारा वाजताच उठणाऱ्या मराठी तरुणाची कादंबरी कोणी लिहील तर ती या कादंबरीला मिळालेले खरे उत्तर ठरेल. त्या कादंबरीचा निवेदक बिल नसेल, ब्रेंट असेल.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) ‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ ही बोधप्रधान कादंबरी असून तिचा आराखडा ‘द गोल’वरून घेतलेला आहे. पात्रचित्रणात ती अनेक ठिकाणी सांकेतिक राहते. जॉन पेशे हे पात्र मात्र याला अपवाद आहे.

२) संगणक यंत्रणेच्या देखभालीचे अदृश्य श्रम वाचकाच्या डोळ्यांसमोर आणणे हे तिचे महत्त्वाचे योगदान आहे.

३) एका व्यक्तीच्या डोक्यातील ज्ञानावर संस्था अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे, हे ती प्रभावीपणे पटवते. मात्र त्या व्यक्तीचे ज्ञान नोंदविताना तिच्या हिताची हमी कोण देणार, हा प्रश्न ती टाळते.

४) स्वयंचलनाने पुनरावृत्त कामातील चुका टळतात, परंतु झालेली चूक अधिक वेगाने पसरते व दुरुस्तीसाठी पुन्हा कुशल माणूसच लागतो. २०१२ व २०२४ मधील घटना एकत्र पाहिल्याशिवाय या विषयाचे आकलन पूर्ण होत नाही.

प्रस्तावनेतील तंत्रसाहाय्यकाला अखेर नोटीस मिळाली नाही. प्राचार्यांनी समज देऊन प्रकरण मिटवले. पुढील वर्षी तो अधिक वेतनाच्या नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना त्याने स्वतःहून एका शंभर पानी वहीत सर्व क्रम लिहून ठेवला. त्या वहीवर त्याचे नाव नाही. महाविद्यालयाची यंत्रणा नंतर कित्येक महिने त्या वहीवर चालली. आपल्या संस्थांनी अशी वही प्रत्येक विभागात तयार करून घ्यावी, त्यासाठी कर्मचाऱ्याला कार्यभारात वेळ द्यावा आणि वहीच्या पहिल्या पानावर ती लिहिणाऱ्याचे नाव घालावे, एवढी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.